ईनॉकचं अडणं

होरेस कॉकवेलला उभा देश ओळखायचा, फक्त त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. लंडनच्या बसमध्ये चढला की माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची. "अगं, तोच तो! तो नाही का, त्याच्यातला!" कशातला, ते मात्र कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही. कधी बटलर, कधी हवालदार, कधी शवपेटीचं माप घ्यायला आलेला सुतार. नायकाचा बाप मरायला टेकला की उशाशी उभा राहून जो मान हलवतो ना, तो होरेस. नुसती मान हलवून या माणसानं चाळीस वर्षं पोट भरलं. चरित्र अभिनेता म्हणायला भारदस्त वाटतं हो, पण जाहिरातीच्या कागदावर नाव कुठे, तर तळाला, छापखान्याच्या नावाच्या जरा वर.

त्याची टीव्हीवरची हॉबलीची भूमिका तेवढी वेगळी. हॉबलीला लहान पोरंसुद्धा नावानिशी ओळखायची. त्याच्याकडे यावंच लागेल, कारण सगळं रामायण त्याच्यापायी झालं.

बुधवारची दुपार होती, दुपारचा खेळ होता. होरेस रंगपटात आरशासमोर बसून गालांवर सुरकुत्या काढत होता. खऱ्या होत्याच, पण मागच्या रांगेला दिसायला नकोत? भूमिका म्हाताऱ्या वकिलाची: दुसऱ्या अंकात यायचं, मृत्युपत्र वाचायचं, जायचं. तेवढ्यात मागच्या दाराचा रखवालदार डोकावला. "मिस्टर कॉकवेल, फोन आहे. कोणी बाई बोलतात, ग्रिम्सबीहून."

ग्रिम्सबी म्हटल्यावर होरेसचा हात गालावरच राहिला. जन्माचं गाव, पण तिथून त्याला कैक वर्षांत कुणी फोन केला नव्हता. तो जिन्यावरून अर्ध्या सुरकुत्यांनिशी खाली धावला.

"होरी?"

होरी त्याला फक्त घरचे म्हणायचे, आणि घरचं म्हणावं अशी जगात दोनच माणसं उरली होती. थोरला भाऊ ईनॉक आणि भावजय मॉड. दोघांनीही त्याचं तोंड पाहायचं सोडलं होतं.

"मी मॉड. ईनॉक गेला रे."

"कधी?"

"काल सकाळी. मी चहा घेऊन वर गेले, तर हा गार. काही आवाज नाही, काही नाही. आयुष्यभर कुणाला त्रास दिला नाही, जातानाही नाही दिला." मॉडचा आवाज कोरडा होता. रडून झालं की होतो तसा. "शुक्रवारी पुरायचंय. ये."

"येऊ मी? त्याला चाललं असतं?"

"त्याचं सोड. त्यानं नाही बोलावलं, मी बोलावतेय." तिच्या पाठीमागे कुणीतरी शेजारीण कपबशा हलवत होती. "माझं एक काम आहे तुझ्याकडे. माणसं गेली की माझं नाव घे एकदा. तो घ्यायचा तसं. एकदाच. मग परत जा तुझ्या लंडनला, मी अडवणार नाही."

"मॉड..."

"ऐकून घे आधी. कालपासून मी त्याची हाक आठवायला बघतेय. चेहरा येतो समोर, हात येतात, हाक येत नाही. आमच्याकडे ते टेप-बिप कधी नव्हतं. फोटो आहेत, फोटो काय करायचेत? वेड लागायची पाळी आलीय मला. तुझ्याकडे आहे ना त्याचा आवाज? आहे ना, होरी?"

आता खरं तर इथे माणसानं जरा दम खावा. पण नटाला काय विचारलं, तर तुझ्याकडे आवाज आहे का! होरेस ताठ झाला. "आहे म्हणजे? आहे तसा आहे, मॉड. तू काळजीच करू नको."

"देवच पावला," मॉड म्हणाली आणि फोन ठेवला.

होरेस वर आला. रंगपट रिकामा होता. त्यानं दार लावलं, आरशात पाहिलं, मांडीवर दोन बोटं ठेवली आणि भावाच्या आवाजात भावजयीचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"म-म-म-म-मॉड!"

"वा, वा!" पलीकडच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली. तिथे नाटकातला खुनी बसायचा. "अजून तस्सा आहे हं तुझा हॉबली! जुनी दारू लेका!"

होरेसनं आरशाकडे पाठ केली.

ईनॉक असा बोलतच नव्हता मुळी. कधीच नाही.

ईनॉक पोरवयात चांगला घडाघडा बोलायचा. चॅपलमध्ये रविवारी पोरांना बायबलातल्या गोष्टी सांगायचा, आणि हा धाकटा होरी मागच्या बाकावर बसून पाद्रीबुवांची नक्कल करून मार खायचा. लढाई आली तशी गावातले मासे मारायचे ट्रॉलर सरकारनं नेले आणि समुद्रातले सुरुंग काढायला लावले. ईनॉक त्यातल्या एकावर होता. सुरुंग काढायला गेले, सुरुंगानंच त्यांना काढलं. दोघं वाचले. हिवाळ्याच्या पाण्यात एका फळीला धरून तो किती वेळ होता देव जाणे. घरी आला तेव्हा हातपाय शाबूत होते, डोकं ठिकाणावर होतं, फक्त शब्द अडायला लागला होता.

आणि अडायचा म्हणजे कसा? तोतरं माणूस एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणतं, तसं नाही. ईनॉक नुसता थांबायचा. ओठ मिटलेले, मांडीवर दोन बोटं टेकलेली, नजर सरळ तुमच्या डोळ्यांत. आवाज नाही, धडपड नाही. फळीला धरून वाट बघावी तसा तो वाट बघायचा. आणि मग शब्द यायचा, अख्खा, मऊ, कुठेही खरचटलेला नसायचा.

लोकांना तेवढा धीर कुठला! कुणी त्याचा शब्द पुरा करायचं, कुणी घड्याळ बघायचं, कुणी "असू दे, असू दे" म्हणून पाठ थोपटायचं. सगळ्या ग्रिम्सबीत एकटी मॉड होती जिनं त्याचा शब्द कधी पुरा केला नाही. आणि सगळ्यांत जास्त तो अडायचा कुठे, तर तिच्याच नावाशी. दिवसातून कितीदा तरी. तो थांबायचा, हातातलं काम सोडून तीही थांबायची, मग "मॉड" यायचं, आणि ती म्हणायची, "काय रे?" त्यांचा सगळा संसार त्या थांबण्यात झाला म्हटलं तरी चालेल.

होरेसनं हे सगळं पाहिलं होतं, आणि पाहिलं म्हणजे उचललंच. त्याला दोष तरी काय द्यायचा, धंदाच तो. राजबिंड्या नटाला चेहरा पुरतो, चरित्र नटाला दुसऱ्याच्या घरात हात घालावाच लागतो. पोस्टमनचं लंगडणं, आत्याचा खोकला, शिंप्याचं नाक ओढणं, सगळं होरेसच्या आत रचून ठेवलेलं होतं, आणि त्याचा त्याला मोठा तोरा. मेजवानीत कुणी म्हणालं की तो उभा राहून मरून तीस वर्षं झालेला पोस्टमन हुबेहूब चालवून दाखवायचा. "माझ्याकडे आलेलं माणूस मरत नाही," असं म्हणायचाही. म्हणायला काय जातं?

मग पन्नाशीला त्याला टीव्हीवर हॉबली मिळाला. आडगावचं स्टेशन, त्यावरचा म्हातारा हमाल. गाडी कुठे चाललीय ते ओरडून सांगायचं त्याचं काम. होरेसनं पहिल्या वाचनाला काय केलं, तर ईनॉकला आणलं. जसाच्या तसा. मार्केट रेसन गावच्या गाडीचं नाव घेताना थांबला, दोन बोटं मांडीवर, नजर समोर. सगळी खोली चिडीचूप झाली. चहा देणाऱ्या बाईनं डोळे पुसले म्हणतात.

दिग्दर्शक मात्र कपाळाला हात लावून बसला. "कॉकवेल, ही विनोदी मालिका आहे. तुम्ही असे गप्प राहिलात तर लोकांना वाटेल संच बिघडला. उठून थपडा मारतील टीव्हीला. भरा ती जागा. म-म-म करा, भुवई उडवा, काहीतरी करा!"

होरेसनं भरली जागा. "म-म-म-म-मार्केट..." आणि 'रेसन' म्हणेपर्यंत गाडी सुटून गेलेली, बायाबापड्या भलत्याच गाडीत! तो पहिला हशा आला तेव्हा होरेस नखशिखांत हादरला. तीस वर्षं दुसऱ्यांचे हशे त्यानं विंगेत उभं राहून ऐकले होते. हा त्याचा स्वतःचा. दर शुक्रवारी, सगळा देश, पोट धरून. खोटं कशाला बोला, त्याला तो फार आवडला. भाऊ आठवलाच नाही असंही नाही, पण तो मनाशी म्हणायचा, हा कुठे ईनॉक आहे, हा हॉबली. ईनॉक माझ्याकडे आत वेगळा आहे, सुखरूप आहे.

इकडे ईनॉक गोदीवर मासळी उतरवायचा. घरात टीव्ही नव्हता. एक दिवस गोदीवरची चार टाळकी त्याला बघून "म-म-म" करायला लागली. त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी यांना आता कुठून सुचलं? कुणीतरी सांगितलं, अरे तुझाच भाऊ तो. मग शुक्रवारी टीव्ही भाड्यानं देणाऱ्या दुकानाबाहेर तो जाऊन उभा राहिला. काचेआड संच चालू होता, आवाज बाहेर येत नव्हता. पण आवाजाची गरज काय? मांडीवरची दोन बोटं त्याची त्याला ओळखू आली.

त्या नाताळात होरेस भरल्या पिशव्या घेऊन दारात आला. ईनॉकनं दार उघडलं. भावाकडे पाहिलं, काही बोलायला ओठ मिटले, आणि थांबला. होरेसही थांबला. थांबायचं असतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी शब्द आलाच नाही. ईनॉकनं दार लावून घेतलं, आपटलंसुद्धा नाही. होरेसनं पिशव्या पायरीवर ठेवल्या, त्या पोस्टानं परत आल्या. पत्रं टाकली, तीही आली. पुढे पुढे त्यानंही नाद सोडला.

आणि आता मॉडनं स्वतः बोलावलं होतं.

नाटकाच्या व्यवस्थापकानं कुरकुर केली, बदली नट मनातून खूश झाला, आणि शुक्रवारी सकाळी होरेस उत्तरेच्या गाडीत बसला. डब्यात समोर एक बाई विणत होती. हा खिडकीकडे तोंड करून ओठ मिटायचा, थांबायचा, आणि थांबण्याच्या जागी आतून 'म-म-म' असं वर यायचं. उचकी दाबावी तसं तो ते दाबायचा. दाबलं की भुवई उडायची. भुवई धरली की खांदा उडायचा. त्यानं दुसरी वाट धरली: ईनॉकला आधी नुसता आठवायचा. गोदीवरून आलेला, बुटांना खवले चिकटलेले, दारात उभा. सगळं नीट दिसायचं. तोंड उघडलं की मात्र डोक्यावर हमालाची टोपी आलेली असायची.

"बरं वाटत नाही का तुम्हाला?" विणणाऱ्या बाईनं विचारलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "अगंबाई! तुम्ही तेच ना?"

"नाही," होरेस म्हणाला. "लोकांचा होतो तसा गैरसमज."

गावात गेलो की येईल आवाज, त्यानं स्वतःला समजावलं. त्या घरात येईल. वास आला, जिना दिसला, की येईल.

गल्लीत सगळ्या घरांचे पडदे ओढलेले होते. माणूस गेलं की तिथे सगळी गल्ली पडदे ओढते, सांगावं लागत नाही. मॉड दारात उभी होती, काळ्या कोटात, पूर्वीच्या मानानं निम्मी झालेली. होरेसला पाहून ती रडली नाही की रागावली नाही. त्याच्या हातातली टोपी घेऊन खुंटीला लावली आणि म्हणाली, "आलास. बरं झालं. मागनं बोलू." पण तिच्या डोळ्यांत काय होतं ते होरेसला कळलं. भुकेल्या माणसानं झाकलेल्या ताटाकडे बघावं तशी ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

चॅपल झालं, माती झाली, आणि सगळे चॅपलच्या मागच्या खोलीत चहाला जमले. लांब टेबलांवर हॅमचे काप, बीट, पाव, लोणी. ग्रिम्सबीत मयताला हॅम नसला तर तो माणूस धड गेला असं कुणी मानत नाही. लोक आधी होरेसला टाळत होते. इतक्या वर्षांनी उगवला, आणि तोही मेल्यावर, असं बायकांच्या नजरा म्हणत होत्या. पण दुसरा चहा झाला तसे गडी सैल झाले. सिडनी ग्राइस म्हणून एक जाडजूड माणूस, ईनॉकबरोबर गोदीवर होता, तो खुर्ची ओढून आलाच.

"हॉबलीसाहेब, राग नका मानू, पण आमची आई मरेपर्यंत तुमच्यावर जीव टाकून होती हो. एकदा होऊन जाऊ दे ना, मार्केट रेसन? हळूच, इकडे कोपऱ्यात."

"सिडनी! लाज आहे का?" त्याची बायको करवादली. "प्रसंग काय, बोलतोस काय!"

"अगं, ईनॉकनं काही मनाला लावून घेतलं नसतं."

"त्यानं लावून घेतलं होतं," होरेस म्हणाला, आणि ग्राइसनं खुर्ची परत मागे ओढली.

मग पाद्रीबुवांनी होरेसला दोन शब्द बोलायला सांगितलं. नाही म्हणायची सोय नव्हती, सख्खा भाऊ तोच एक. तो उठला. त्याला सरळ साधं बोलायचं होतं, की माझा मोठा भाऊ माझ्यापेक्षा चांगला माणूस होता आणि मी त्याचा अपराधी आहे. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाचंच सोंग न घेता माणसांसमोर उभा होता.

"माझा म..." तो म्हणाला. 'मोठा' म्हणायचं होतं, ते ओठांतच राहिलं. "म... म..."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी. मग त्या हॅमच्या टेबलांवरून हशा सगळ्या खोलीभर पसरला. बायका तोंडाला रुमाल लावून हसत होत्या, गडी मान खाली घालून खांदे उडवत होते. वाईट नव्हती हो ती माणसं. दिवसभर मन भरून आलेलं, त्यात हा हॉबलीचा म-म, कुणाला आवरणार? आणि होरेस? त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याची डावी भुवई आपोआप वर गेली होती. हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य धरून ठेवायचं असतं, म्हणून तो ते धरून उभा होता. शरीराला लागलेली सवय ती, तिला काय कळतंय मयत कुणाचं आहे! भुवई वर गेल्याचं लक्षात आलं तेव्हा त्याला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

मॉड चहाच्या किटलीपाशी उभी होती. ती हसली नाही. ती फक्त थांबली होती, त्याचा शब्द पुरा व्हायची वाट बघत.

तो न बोलताच खाली बसला.

संध्याकाळी घरात दोघंच उरले. मॉडनं स्वयंपाकघरात दिवा लावला, कोट काढला, हात धुतले. ईनॉकची खुर्ची भिंतीशी होती, तिच्यात ती स्वतः बसली आणि होरेसला समोर बसवलं.

"घे आता," ती म्हणाली. लहान मुलीसारखे तिनं हात मांडीवर जुळवले होते.

"मॉड, आज मी जरा..."

"घे रे."

होरेसनं डोळे मिटले. "म-म-मॉड."

तिनं मान हलवली. "हा तो टीव्हीवरचा. तो म-म करायचा नाही. तो थांबायचा."

"माहीत आहे मला."

"मग थांब."

तो थांबला. ओठ मिटले, बोटं मांडीवर ठेवली. पण बोटं टकटक करायला लागली, हॉबलीची करायची तशी. मॉड पुढे वाकली आणि तिनं आपला हात त्याच्या बोटांवर ठेवला, दाबून धरला. "हलायची नाहीत त्याची. आणि कपाळावर आठी नसायची, भुवई तर नाहीच. त्याला काही वाटायचं नाही रे थांबायचं. तू असा बघतोयस जसं काही आता पडणार आहेस."

"मी भिंतीकडे तोंड करू का?"

"कर."

होरेस उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोर भिंतीवरच्या खिळ्याला ईनॉकची टोपी अडकवलेली होती. इथे कुणी प्रेक्षक नाही, रंगमंचाचे दिवे नाहीत, हशा नाही, त्यानं स्वतःला सांगितलं. त्यानं भावाला आठवलं, पाण्यातला, फळीवरचा. ओठ मिटले. या वेळी म-म आलं नाही, भुवई हलली नाही, बोटं गप्प राहिली. शांतता वाढत गेली. मागे मॉडचा श्वास अडकलेला त्याला ऐकू आला, आणि नेमक्या त्या क्षणी, ना आधी ना नंतर, त्यानं शब्द सोडला.

"मॉड."

तो वळला. त्याला वाटलं, जमलं.

मॉड नुसती बघत होती. "नाही," ती हळूच म्हणाली. "काय चुकलं ते सांगता येत नाही मला. फार छान म्हणालास. पण नाही."

काय चुकलं ते होरेसला मात्र कळलं होतं. वेळ चोख साधली होती. तिचा श्वास अडकेपर्यंत त्यानं थांबवलं होतं आणि मग सोडलं होतं, कसलेला नट हशाच्या आधी थांबतो तसं. ईनॉकला कसली वेळ साधायची होती? त्याचा शब्द यायचा तेव्हा यायचा.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा केलं. उभं राहून, बसून, दारातून आत येऊन, पार घसा बसेपर्यंत केलं. जितकं करावं तितका हॉबली ठळक होत गेला आणि ईनॉक पुसट. शेवटी शेवटी तर मॉडच्याच लक्षात येईना की आपण काय ऐकायला बसलोय. तिनं कानांवर हात ठेवले. "पुरे, होरी. पुरे कर. होता नव्हता तोही जाईल माझ्या कानातून."

होरेस तिच्या पायाशी जमिनीवर बसला. साठी उलटलेला माणूस, पण लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. "होता गं माझ्याकडे. देवाशप्पथ होता. जसाच्या तसा."

"मग गेला कुठे?"

"मीच घालवला. दर शुक्रवारी थोडा थोडा. लोक हसायचे, मी देत गेलो."

मॉडनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो मायेनं की नुसताच, सांगता येत नाही.

"तुझ्यावर फार राग होता मला," ती म्हणाली. "त्याला नव्हता तेवढा मला होता. त्याला आलेली तुझी पत्रं मी परत करायची. पिशव्याही मीच पाठवल्या. तो म्हणायचा, असू दे, धाकटा आहे. पण एक होतं, होरी. मी मनाशी म्हणायची, चोरलाय ना यानं, चोरू दे. मेला चोर का असेना, पण माल तरी त्याच्याकडे शाबूत असेल. उद्या माझा ईनॉक गेला तर त्याच्याकडे जाऊन मागून घेईन."

होरेसनं मान वर केली नाही.

मॉड उठली. हॅमचे उरलेले काप तिनं कागदात बांधले, गाडीत खायला म्हणून, आणि त्याची टोपी खुंटीवरून आणून दिली. दारापर्यंत पोचवायला आली. तो पायरी उतरला तेव्हा तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जपून जा रे." मग तिनं दार लावून घेतलं आणि होरेस पडदे ओढलेल्या त्या गल्लीतून स्टेशनाकडे चालायला लागला.